राहिलेलं पान

'मंडळी' हा शब्द मला फार आवडतो. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात मंडळी म्हणजे चर्च. इमारत नव्हे, माणसं. इमारतीला आमच्याकडची जुनी माणसं 'देऊळ' म्हणत. "मंडळी वाढली", "मंडळीत भांडण झालं", "मंडळीने वर्गणी काढली" असं आम्ही सहज बोलतो. पूर्वी बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच व्हायचा, आणि पंगतीला "चला मंडळी, सुरू करा" म्हणायची पद्धत तर आजही आहे. मराठीची शिक्षिका म्हणून मी मुलांना सांगायचे, हा समूहवाचक शब्द आहे, एकट्या माणसाची मंडळी होत नाही. मुलांना सांगितलेलं आपल्याला स्वतःला कळायला कधी कधी साठी उलटावी लागते!

गेल्या महिन्यात कपाट आवरताना आमच्या चर्चच्या शतक महोत्सवाची स्मरणिका हाती आली. 2011 साली आमच्या चर्चला शंभर वर्षं झाली, तेव्हा काढलेली. बहात्तर पानं, आत गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर दगडी इमारतीचा रंगीत फोटो आणि आतल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव. नातेवाइकांपैकी काहींच्या घरी ती असेलच. तिची एक गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. आज सांगते.

नगर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी मी 1989 साली बदली होऊन आले. निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. महोत्सवाची तयारी सुरू झाली तेव्हा कमिटीत एकमताने ठरलं, "स्मरणिका बाईंकडे द्या. बाईंचं मराठी चांगलं." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सहा महिने मी त्या कामात बुडून गेले होते. बाप्तिस्म्याची रजिस्टरं, लग्नाची रजिस्टरं, कमिटीच्या सभांची इतिवृत्तं, मिशनरी लोकांची तिरकी इंग्रजी अक्षरं, वाळवी लागलेल्या पावत्या... सगळं काढून वाचलं. मुद्रितं तीन वेळा तपासली. छापखान्यातला मुलगा वैतागला, पण एकही वेलांटी मी चुकू दिली नाही.

शेवटची चार पानं 'ऋणनिर्देश' म्हणून होती. आजवरचे सगळे पाळक, मिशनरी, कमिटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार, संडेस्कूलचे शिक्षक, कॉयरमधले गायक, पेटी-तबला वाजवणारे, पाच हजार रुपये आणि त्याहून जास्त देणगी देणारे. एकूण दोनशे सत्तेचाळीस नावं. मी स्वतः मोजली होती. कुणी रुसायला नको म्हणून पदव्यासुद्धा पुन्हा पुन्हा विचारून घेतल्या होत्या.

पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन झालं, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मी पायऱ्या उतरत होते, तर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात स्मरणिका. पानांचे कोपरे मुडपलेले. म्हणाली, "बाई, आमच्या आबांचं नाव कोणत्या पानावर आहे? मी सगळी पानं दोनदा वाचली."

तिच्या मागे दोन पायऱ्यांवर आबा उभे होते. सगळं गाव त्यांना घंटेचे आबा म्हणायचं.

आमच्या चर्चची घंटा मोठी आहे. बुरुजात टांगलेली, खाली जाड दोर. रविवारी पहिली घंटा उपासनेच्या अर्धा तास आधी आणि दुसरी अगदी वेळेवर. नाताळच्या आदल्या रात्री बाराला, ईस्टरला पहाटे, लग्नाला, आणि कुणी गेलं तर संथ, एकेक ठोका. आबा साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गाळपाच्या दिवसांत रात्रपाळी करून सायकलवर थेट चर्चमध्ये यायचे, हातपाय धुऊन दोर धरायचे. चर्चच्या आसपास राहणारे हिंदू आणि मुसलमान शेजारीसुद्धा त्या घंटेवर घड्याळ लावायचे. "दुसरी घंटा झाली, भाकरी टाक" असं पलीकडच्या वाड्यातल्या आजी सुनेला सांगत, ते मी स्वतः ऐकलं आहे. घंटेबरोबर बाकाखालची धूळ, फुटलेल्या कौलातून येणारी चिमण्यांची घाण, प्रभुभोजनाच्या दिवशी टेबल हलवणं, ही कामं आपोआप आबांकडे आली होती. त्यांना कधी कुणी नेमलं नाही. कमिटीच्या एकाही इतिवृत्तात त्यांचा ठराव नाही. आणि मी नावं काढली होती ती इतिवृत्तांतून!

मुलीला काय सांगावं ते सुचेना. मी म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत घालू हं बेटा."

स्मरणिकेला पुढची आवृत्ती नसते, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. आबांना बहुधा असावं. ते म्हणाले, "असू द्या बाई. पोरीला आपली हौस." आणि टोपी डोक्यावर नीट बसवून सायकल काढायला गेले. पुढच्या रविवारी पहिली घंटा बरोबर वेळेवर झाली. त्याच्या पुढच्या रविवारीही झाली.

मी स्वतःची समजूत घातली की विसर पडला. एवढ्या कामात एखादं नाव राहतंच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मन खरं बोलतं. विसर पडला असता तर कुणाचाही पडला असता. एखाद्या पाळकांचा, एखाद्या डॉक्टरांचा, पाच हजार देणाऱ्याचा. पण त्यातला एकही सुटला नाही. सुटले ते सगळे एकाच बाजूचे. झाडणारी मावशी, नाताळच्या जेवणाची मोठी पातेली घासणाऱ्या चौघी-पाचजणी, विहिरीवरून पाणी आणणारा गडी, आणि आबा.

आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक कोणत्या वस्त्यांमधून आले हे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला काम सुरू केलं. पुढे गावोगावच्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून माणसं मंडळीत आली. ख्रिस्तात उच्चनीच नाही, हे शिकूनच आम्ही मोठे झालो. तरीही पिढ्या गेल्या तशी आमची आमच्यातच एक उतरंड तयार झाली. मिशनच्या शाळेत शिकून मास्तर, नर्स, पाळक झालेली घरं एकीकडे आणि शेतमजुरीवर राहिलेली घरं दुसरीकडे. त्यातही कोण कुठल्या वाड्यातून आलं हे बोलायचं नाही, पण विसरायचंही नाही. मी मास्तरांच्या घरातली, तिसऱ्या पिढीची शिक्षिका. बाक सगळ्यांना सारखेच होते. पण पुढच्या बाकावर कोण बसणार आणि बाक कोण पुसणार, हे कुणीही न ठरवता ठरलेलं होतं. माझी यादी त्या न बोललेल्या ठरावाची स्वच्छ, शुद्धलेखनाची चूक नसलेली प्रत होती.

आबा 2013 च्या पावसाळ्यात गेले. घरातल्यांनी चर्चमध्ये निरोप पाठवला. पाळकसाहेब म्हणाले, घंटा द्या. आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घंटा कोण देणार?

तरुण संघातला एक चांगला धडधाकट मुलगा पुढे झाला. त्याने दोर ओढला तो शाळा सुटल्यासारखी घंटा घणघणली. प्रेतासाठी द्यायचा ठोका वेगळा असतो. दोर ओढून धरायचा, आवाज पूर्ण विरू द्यायचा, मग सोडायचा. किती जोर, किती वेळ, ते हातालाच कळतं. त्या मुलाने तीन-चारदा प्रयत्न केला. कधी दोन ठोके जोडून पडले, कधी नुसताच दोर हलला. बाहेर छत्र्या धरून उभे असलेले लोक वर बघत होते. शेजारच्या वाड्यातल्या आजी विचारायला आल्या, "आज काय आहे? घंटा अशी काय वाजतेय?"

ज्या माणसाने गावातल्या प्रत्येकाला निरोपाचा ठोका दिला, त्याला तो मिळाला नाही. कारण तो कसा द्यायचा हे आम्ही कधी त्यांना विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कुणाच्या कामाची कदर न करणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा नाही, ते मंडळीचं नुकसान आहे. आबांचा अपमान आबांनी गिळला. नुकसान मात्र आमच्या वाट्याला आलं.

त्यानंतर मी माझं बायबल निराळ्या नजरेने वाचायला लागले. याद्या शोधून वाचू लागले. ज्या याद्या वाचताना एरवी जांभई यायची, त्याच.

नहेम्याच्या पुस्तकातला तिसरा अध्याय घ्या. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधला त्याची हकिगत. सगळा अध्याय म्हणजे कुणी कुठला तुकडा बांधला याची नोंद. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत, व्यापारी आहेत. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनीही बांधकाम केलं, हे मुद्दाम नोंदलं आहे. उकिरड्याच्या वेशीची दुरुस्ती एका विभागाच्या अधिकाऱ्याने केली, तेही आहे. आणि तकोवा गावच्या थोर लोकांनी कामाला खांदा लावला नाही, तेही लिहून ठेवलं आहे! माझ्यापेक्षा नहेम्या चांगला संपादक. त्याने कोटाभोवती पायी फिरून यादी केली असावी, असं वाचताना वाटतं. मी खुर्चीत बसून केली.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय पाहा. एवढं गहन पत्र, मोठमोठ्या पंडितांनी आयुष्य घालवावं असं. आणि शेवटी पौल काय करतो? एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतो, वीसहून जास्त जणांना. त्यात कितीतरी बायका आहेत. रूफसच्या आईने आपल्यालाही आईची माया दिली याची आठवण आहे. फीबीची शिफारस आहे. आणि मध्येच एक ओळ लेखनिकाची आहे, तर्तियसची. पत्र सांगितलं पौलाने, पण बोरू चालवला तर्तियसने, आणि त्याला स्वतःचा सलाम घालू दिला आहे. मी इतकी वर्षं शुद्धलेखन घातलं, पण लिहून घेणाऱ्याचं नाव पत्रात असू शकतं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आपल्या मराठीतही असं उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. 1922 साली त्या वारल्या, त्या शेवटच्या दिवसांपर्यंत ते काम चालू होतं. अभ्यासकांना हे ठाऊक असतं. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या बायबलच्या छपाईसाठी खिळे जुळवले ते तिथल्याच बायका-मुलींनी. कुणी दुष्काळात अनाथ झालेल्या, कुणी लहानपणीच विधवा झालेल्या. अक्षर ओळखायला तिथेच शिकलेल्या. मुखपृष्ठावर एकच नाव मावतं, हे खरं. पण त्या हातांशिवाय ते पुस्तक हस्तलिखितच राहिलं असतं.

आणि मग अर्थातच करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय बारावा. शरीर एक आणि अवयव पुष्कळ, हा दाखला आमच्याकडे इतक्या वेळा सांगितला जातो की ऐकताना डोळे मिटतात. मी वर्गात इसापनीतीतली पोटाची गोष्ट शिकवायचे. हातपाय पोटावर रुसतात, काम बंद करतात आणि शेवटी सगळेच अशक्त होतात. रोमन इतिहासकार लिव्हीने तीच गोष्ट सांगितली आहे. तिथे ती बंड केलेल्या गरीब लोकांना समजवण्यासाठी वापरली जाते. तात्पर्य काय, तर पोट म्हणजे वरची माणसं, त्यांच्याशी भांडू नका, आपापलं काम करा. म्हणजे शरीराचा दाखला बऱ्याचदा खालच्यांना गप्प बसवायला वापरला जायचा.

पौल तोच दाखला घेतो आणि उलटा फिरवतो. करिंथच्या मंडळीत तंटे होते. कुणी आपल्या ज्ञानाची, कुणी आपल्या कृपादानांची फुशारकी मारत होतं. प्रभुभोजनाला काही जण पोटभर खाऊन मोकळे होत आणि काही उपाशी राहत, हे त्याच पत्रात अकराव्या अध्यायात आहे. तेव्हा पौल समज देतो ती वरच्यांना. शरीरातले जे भाग आपल्याला दुबळे वाटतात तेच गरजेचे असतात, आणि ज्यांना आपण कमी लेखतो त्यांना जास्त मान द्यायचा असतो, असा त्याचा मुद्दा आहे. सगळे सारखे, एवढंच म्हणून तो थांबत नाही. मान जिथे कमी पडला तिथे भर घाला, असं तो सांगतो. शिक्षकाला हे कळायला हवं होतं. वर्गात मागे पडलेल्या मुलाला आपण जास्त वेळ देतोच ना?

आबांच्या मातीहून आल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली. शाळेत हजेरीपट आखायचे तसे रकाने आखले. दर रविवारी एक नाव, आणि त्या माणसाने केलेलं एक काम. पहिल्या पानावर आबांचं नाव लिहिलं, 'घंटा, चोवीस वर्षे'. नहेम्यासारखं मी फिरून विचारायचं ठरवलं. मग एकेक कळायला लागलं. प्रभुभोजनाचं पांढरं कापड कोण नेतं, धुतं, इस्त्री करून आणतं? इतकी वर्षं मला वाटत होतं ते चर्चच्या कपाटातच असतं! एक निवृत्त कंडक्टर दर सोमवारी सरकारी दवाखान्यात जाऊन आमच्यातलं कुणी भरती आहे का ते बघून येत आणि पाळकसाहेबांना सांगत. पाळकसाहेबांच्या भेटींचं कौतुक आम्ही करायचो. एक बाई कुणाच्याही घरी मयत झालं की पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी पोहोचवत. विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय लिहायचं बाई? चूल पेटत नाही ना त्या घरी."

टबीथाची गोष्ट आठवली. प्रेषितांच्या नवव्या अध्यायात ती मरते तेव्हा गावातल्या विधवा पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवतात. तिच्या कामाची यादी कुणी केली नव्हती. ती लोकांच्या अंगावर होती.

हंगामाच्या सणाला तर ही वही भरभरून लिहिता येते. आमच्याकडे त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं जे असेल ते वेदीजवळ आणून ठेवतात. बाजरीचं पोतं, ऊस, कांदे, कोंबडा, डांगर भोपळा. उपासनेनंतर लिलाव. एका आजींनी एकदा एकच अंडं आणलं होतं, पदराच्या गाठीत बांधून. लिलावात ते कुणीतरी वीस रुपयांना घेतलं आणि लगेच परत दान दिलं. दुसऱ्याने तीसला घेतलं, पुन्हा दान. हसत हसत ते अंडं चौदा जणांच्या हातून फिरलं आणि बाजरीच्या पोत्यापेक्षा जास्त पैसे जमले. आजी टाळ्या वाजवत होत्या. जुन्या माणसांना विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आठवली असेल. मला मात्र ते चौदा लोक आवडले. एका अंड्याला त्यांनी सगळ्या मंडळीचं केलं.

आता माझ्यावर आलेली पाळी सांगते, म्हणजे वहीची गोष्ट एकतर्फी राहणार नाही.

2018 पासून मला कमी ऐकू यायला लागलं. कॉयरमध्ये मी सुरात आहे असं मला वाटायचं, इतरांना वाटत नव्हतं. एका रविवारी कॉयरच्या प्रमुखाने, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने, फार अदबीने सांगितलं, "बाई, तुम्ही आता पुढच्या बाकावर बसून आम्हाला ऐका." मी हसून हो म्हटलं आणि घरी येऊन रडले. पुढचे तीन रविवार गेलेच नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मनात एकच, आता माझा उपयोग काय? संडेस्कूल तरुणांकडे गेलं, गाणं गेलं, हिशेब संगणकावर गेला. दुसऱ्यांची कामं वहीत मांडणाऱ्या बाईला स्वतःचा रकाना रिकामा दिसायला लागला.

आमच्या मंडळीत एक तरुण आहे. आता तिशीत असेल. बुद्धीने लहान मुलासारखा आहे. बोलणं तुटक. दारात उभं राहून गाण्यांची पुस्तकं वाटणं हे त्याचं काम. चौथ्या रविवारी मी गेले तर तो मला पुस्तक देईना. मी हात पुढे केला, तर मान हलवली आणि बोटाने आत दाखवलं. आत माझ्या नेहमीच्या जागेवर पुस्तक ठेवलेलं होतं. त्याच्या आईने नंतर सांगितलं, तिन्ही रविवार तो पुस्तक तिथे ठेवत होता आणि उपासना संपली की परत नेत होता. कुणाला बसू देत नव्हता.

माझं गुडघ्याचं निमित्त सगळ्यांना पटलं होतं. पण माझी जागा धरून ठेवली ती त्याने. उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं की काहींच्या बाबतीत प्रश्नच चुकीचा असतो. त्याला माझं गाणं नको होतं, हिशेब नको होता. ती जागा भरलेली हवी होती, एवढंच. येऊन बसणं हेही एक काम आहे. तेही कुणीतरी करायला हवं असतं.

त्या दिवशी मी त्याचं नाव वहीत लिहिलं. कामाच्या रकान्यात काय लिहावं याचा बराच विचार केला. शेवटी 'जागा राखणे' असं लिहिलं.

पुढे मार्च 2020 मध्ये कोविडमुळे चर्चचं दार बंद झालं. त्या वर्षीचा ईस्टर, 12 एप्रिलचा, घरात बसून केला. ज्या तरुण पोरांना आम्ही "सारखे मोबाइलमध्ये" म्हणून बोलायचो, त्यांनीच मोबाइल उभा करून पाळकसाहेबांची उपासना घराघरांत पोहोचवली. ज्या आजींकडे तसला मोबाइल नव्हता त्यांना मी साध्या फोनवरून रोज चार जणी याप्रमाणे फोन करायचे. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या मोठ्याने बोलायच्या आणि त्यांच्या सुना म्हणायच्या, आज आत्या खुशीत दिसतात. माझं कमी ऐकू येणंसुद्धा असं कामी आलं!

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. वहीने सगळं होत नाही. नुसतं नाव लिहून आणि वार्षिक सभेत शाल देऊन कदर होते असं मला आता वाटत नाही. शाल दिली की आपण सुटतो. कापड धुणाऱ्या बाईंना मी म्हटलं, "तुमचं नाव लिहिलंय हं." त्या म्हणाल्या, "बरं केलं. पुढच्या महिन्यात माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा कापड कोण नेईल ते पण लिहा." खरी कदर म्हणजे ते काम शिकून घेणं, जमेल तेवढं वाटून घेणं, आणि कमिटीत बसायची पाळी आली की त्याच माणसांना बोलावणं. आमच्या कमिटीवर आता पातेली घासणाऱ्यांपैकी एक जण निवडून आली आहे. तिने पहिल्याच सभेत विचारलं, स्वयंपाकाच्या शेडला नळ का नाही? शंभर वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. नळ आला.

कापड त्या महिन्यात मी धुतलं. इस्त्री काही त्यांच्यासारखी जमली नाही.

2024 च्या नाताळात आबांची नात आली होती. पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. चांगली उंच झाली आहे. मी तिला घरी चहाला बोलावलं आणि वही समोर ठेवली. पहिलं पान उघडून दिलं. एवढ्या वर्षांनी मी तिला उत्तर देत होते, "हे बघ, या पानावर आहे." छातीत धडधडत होतं, परीक्षेचा निकाल असल्यासारखं.

तिने वाचलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, हे चुकलंय. चोवीस नाही, एकतीस वर्षं. माझे पप्पा पहिलीत गेले त्या वर्षी आबांनी दोर हातात घेतला. 1982."

मी चोवीस कुठून आणले? मी या गावात आले 1989 ला. मी पाहिलं तेव्हापासून मोजलं होतं. माझ्या येण्याआधीची सात वर्षं, त्यातल्या रात्रपाळ्या, पहाटेचे ईस्टर, सगळं माझ्या हिशेबात नव्हतंच.

टेबलाच्या खणात लाल पेन होतं. मी ते काढलं, 'चोवीस' वर आडवी रेघ मारली आणि शेजारी 'एकतीस' लिहिलं. तिने चहा संपवला, आणि चर्चमध्ये जाऊन दोर धरून बघते म्हणाली. लहानपणी आबांनी तिला शिकवलं होतं, ते कुणाला माहीतच नव्हतं.

पाच वाजता घंटा झाली. मी यंत्र कानाला लावून अंगणात उभी राहिले. एक ठोका. मग तो पूर्ण विरेपर्यंत शांत. मग दुसरा.